ऊन कोणाच्या खात्यात?

कारखान्याच्या छपराला बाहेरून पांढरा थर दिला की आतली उष्णता कमी होते, ही गोष्ट आज ताज्या शोधासारखी सांगितली जाते. रंगाच्या कंपन्या तिच्या जाहिराती करतात, शहरांचे उष्णता-आराखडे तिची शिफारस करतात, संशोधक तिचे मोजमाप घेतात. पण स्वातंत्र्यानंतर अवघ्या वर्षभरात, १९४८ साली, झालेला कारखाने अधिनियम उघडून पाहावा. त्याच्या मूळ रूपात कलम १३चे तिसरे पोटकलम कारखान्यातल्या अतिउष्णतेवरचे उपाय एकेक करून मोजते: बाहेरच्या भिंतींना, छपरांना किंवा खिडक्यांना चुन्याची सफेदी देणे, त्यांच्यावर पाणी फवारणे, त्यांना उष्णतारोधक थर किंवा आडोसा देणे, छपराची उंची वाढवणे, मध्ये हवा खेळेल असे दुहेरी छप्पर घालणे. या यादीत सफेदीचा क्रमांक पहिला आहे. म्हणजे पंचाहत्तरहून अधिक वर्षांपूर्वी हे ज्ञान कायद्याच्या पुस्तकात छापलेले होते. तरीही महाराष्ट्रातली कारखान्यांची छपरे काळपट, गंजकी आणि तापलेलीच राहिली. ती तशी का राहिली याचे उत्तर हवामानात मिळत नाही आणि अज्ञानातही मिळत नाही. उन्हाचा खर्च कोणाच्या खात्यात पडतो, या प्रश्नात ते मिळते. छपराचा इतिहास हा त्या खतावणीचा इतिहास आहे.

पत्रा येण्यापूर्वी या मुलखाने उन्हाशी आपल्या परीने तडजोड केलेली होती. कोकणात पावसाची काळजी मोठी, म्हणून उतरती छपरे, त्यांवर गवताचे पेंढे किंवा कौले. १८६५ साली बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी मंगळुरात यंत्राने कौले बनवायला सुरुवात केली आणि पुढे ‘मंगलोरी कौल’ पश्चिम किनाऱ्यावर घरोघरी पोचले. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते आणि भाजलेली माती ऊन पटकन खाली उतरू देत नाही. देशावर, विशेषतः सोलापूर आणि मराठवाड्यात, पाऊस कमी आणि ऊन प्रखर, म्हणून माळवद. लाकडी तुळया-किलचांवर हातभर मातीचा थर, वर पांढऱ्या मातीचा लेप. पावसाळ्यापूर्वी तो लेप दरवर्षी नव्याने द्यायचा. वाड्यांच्या गच्च्यांवर चुन्याचा कोबा असे. यांतल्या माळवदाच्या आणि कोब्याच्या छपरांत दोन गुण एकत्र होते. पृष्ठभाग फिक्या रंगाचा असल्याने बरेचसे ऊन परत जाई आणि उरलेले जाड थरात अडून संध्याकाळपर्यंत खाली पोचत नसे. ही छपरे निर्दोष होती असे कोणी म्हणणार नाही. माळवद गळते, मोठ्या पावसात खचते, त्याचे वजन पेलायला भिंती हातभर जाड लागतात. पण एक गोष्ट त्यांत ठरलेली होती. छपराची दरवर्षीची निगा हा घराच्या खर्चाचा भाग होता, कारण छपराखाली जो राहत होता तोच छपराचा धनी होता.

पन्हळी पत्र्याने हे नाते तोडले. लंडनच्या गोदीत अभियंता असलेल्या हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ साली लोखंडाच्या पातळ पत्र्याला लाटांसारख्या पन्हळी पाडण्याचे पेटंट घेतले. घडी पडल्याने पातळ पत्राही ताठ राहतो आणि थोड्या आधारावर मोठी जागा झाकतो. १८३७ साली फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल याने लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याचे पेटंट मिळवले आणि पत्र्याचा गंज लांबला. मग हा माल जहाजात रचून साम्राज्यभर गेला. हलका, आगीला न भिणारा, बसवायला सोपा, कौलाइतका ठिसूळ नाही. लोखंडी कैच्यांवर तो ठोकला की गोदाम, रेल्वेची कार्यशाळा, जिनिंगचा कारखाना काही आठवड्यांत उभा राहतो. या सोयींना नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण मे महिन्यातल्या विदर्भात हा पत्रा दिवसभर कसा वागतो ते जवळून पाहायला हवे. नवा असताना तो चकाकतो आणि बरेच ऊन परत फेकतो. तरीही तो तापतो, कारण चकचकीत धातू आपल्यात साठलेली उष्णता किरणांच्या रूपाने आभाळाकडे सोडण्यात फार कंजूष असतो. काही पावसाळ्यांनंतर जस्त काळवंडते, खिळ्यांभोवती गंज चढतो आणि मग पत्रा ऊन परत फेकायचेही सोडतो. सकाळी नऊनंतर त्याला हात लावता येत नाही. दुपारी सावलीतली हवा ४२ अंशांवर असली तर पत्रा ६० अंशांच्या सहज पुढे जातो. त्याची जाडी जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर, म्हणून वरचे ऊन खाली पोचायला वेळ लागत नाही. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर आणि खांद्यांवर तो मंद शेगडीसारखी धग सोडत राहतो. हवेचा पारा काही दाखवो, अंगाला लागते ती ही धग.

मुंबईची गिरणी या गोष्टीत वेगळ्या वाटेने आली. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ काढली आणि दोन वर्षांनी तिचे सूत बाहेर पडले. यंत्रे इंग्लंडमधल्या लँकेशायरची आणि त्यांच्याबरोबर छपराचा नमुनाही तिकडचाच. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खात्याला एकमजली, करवतीच्या दात्यांसारखे छप्पर: प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली, तिरपी बाजू कौलांची किंवा पत्र्याची आणि दक्षिणेकडे उतरणारी. उत्तरेचा उजेड स्थिर असतो, त्यात ऊन नसते, तुटलेला धागा त्यात नीट दिसतो. लँकेशायरपुरती ही अक्कलहुशारीची रचना होती. तिथे भर जूनमध्येही सूर्य दुपारी दक्षिणेला साठ अंशांच्या आसपासच चढतो. उत्तरेच्या काचेतून दुपारचे ऊन आत येण्याचा प्रश्नच नाही आणि तिरप्या पाख्यावर पडणारे मवाळ ऊन उलट हवेसेच. मुंबई मात्र एकोणीस अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत इथला दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो, म्हणजे ज्या काचा उन्हापासून तोंड फिरवून बसवल्या त्यांच्याच बाजूला तो येतो. आणि ऑक्टोबरच्या अखेरच्या उकाड्यात तो दुपारी दक्षिणेला साठ अंशांच्या सुमारास असतो. तीस अंश उताराच्या दक्षिणाभिमुख पाख्यावर त्याचे किरण जवळजवळ काटकोनात पडतात. उजेडासाठी निवडलेला उतार इथे उन्हासाठीही अगदी नेमका ठरला. गिरणगावाने वर्षानुवर्षे दुसऱ्या देशाच्या सूर्यासाठी आखलेल्या छपराखाली काम केले.

या छपराखालच्या हवेचा विचार मालकांनी केलाच नाही असे नाही. त्यांनी तो फार बारकाईने केला, पण धाग्यासाठी. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून खात्यात दमटपणा लागतो. त्यासाठी वाफ सोडली जाई, पाण्याचे फवारे बसवले जात. जमशेटजी टाटा यांनी १८७७ साली नागपुरात सुरू केलेल्या एम्प्रेस मिलचे नाव दमटपणाची यंत्रे आणि आग विझवणारे फवारे लवकर बसवल्याबद्दल आदराने घेतले जाते, आणि तो आदर रास्त आहे. मात्र साध्या वाफेने दमट केलेली हवा धाग्याला मानवते, माणसाला नाही. घाम वाळल्यानेच शरीर निवते आणि दमट हवेत घाम वाळत नाही. वरून पत्र्याची धग आणि भोवती वाफेचा दमटपणा यांच्यात साचेवाला दहा-बारा तास उभा राही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचे निवेदन कारखाना आयोगापुढे ठेवले. रविवारची सुट्टी ही त्यांची मागणी सर्वांना ठाऊक आहे. तिच्या शेजारीच दुसरी मागणी होती: दुपारी अर्धा तास विसावा. भर दुपारी अर्धा तास यंत्रापासून दूर होण्यासाठी माणसांना सह्या गोळा कराव्या लागतात, यातूनच त्या छपराखालच्या दुपारीची कल्पना यावी.

आता पहिला आक्षेप घेऊ. त्या काळी पांढऱ्या छपराचे शास्त्र कोणाला माहीत होते, आजच्या ज्ञानाने कालच्या लोकांना दोष का द्यावा, असे कोणी म्हणेल. परावर्तनाचे आकडे तेव्हा कोणी मोजले नव्हते, हे मान्य. पण व्यवहारज्ञान होते आणि ते नेमके गिरणीधंद्याच्या माहेरी होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लँकेशायरच्या कापड गिरण्यांसाठी जे सरकारी नियम लागू होते, त्यांत साच्यांच्या शेडच्या छपराला आणि वरच्या काचांना उन्हाळा लागण्यापूर्वी सफेदी द्यावी आणि ती उन्हाळाभर टिकवावी, असे बंधन होते. जिथला उन्हाळा आपल्याकडच्या थंडीच्या दुपारीसारखा असतो, त्या प्रदेशात हा नियम होता. तिथल्या विणकरांच्या संघटना जुन्या आणि बळकट होत्या; वाफेच्या खात्यांविरुद्ध त्यांनी एकोणिसाव्या शतकातच आवाज उठवला होता आणि कायदे करून घेतले होते. त्या गिरण्यांची यंत्रे मुंबईत आली, इमारतींचे नकाशे आले, पर्यवेक्षकही आले. उन्हाळ्यापूर्वीच्या सफेदीचे बंधन मात्र त्यांच्याबरोबर आले नाही. फरक ज्ञानाचा नव्हता. छपराखाली उभा असलेला माणूस आपले म्हणणे किती जोराने मांडू शकत होता, याचा होता.

हे अधिक स्पष्ट दिसते ते धाग्याऐवजी तेलाकडे पाहिले की. १९५०च्या दशकाच्या मध्यात ट्रॉम्बेच्या बाजूला तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. पेट्रोलसारख्या उडणाऱ्या द्रवाच्या टाक्या जगभर पांढऱ्या किंवा चंदेरी रंगवल्या जातात. कारण सरळ आहे: टाकी तापली की माल वाफ होऊन उडतो आणि उडालेला प्रत्येक लिटर मालकाचा तोटा असतो. तो तोटा वहीत दिसतो, म्हणून टाकीचा रंग वेळच्या वेळी नवा होतो. बर्फाचे कारखाने आणि शीतगृहे यांच्या छपरांचीही अशीच काळजी घेतली जाते, कारण तिथे उष्णता विजेच्या बिलात उतरते. साच्यांच्या खात्यात तापणारा माल म्हणजे माणूस होता आणि त्याच्यातून उडणारा घाम कोणाच्याही वहीत नव्हता. विणकराला मजुरी नगावर मिळे; दुपारी हात मंदावला, कापड कमी निघाले, तर पहिली कात्री त्याच्या पगाराला लागे. उन्हाने आजारी पडला तर दारात ‘बदली’ उभेच असत; त्यांच्यातून एकाला आत घेतले की साचे पुन्हा चालू. मालकाचा तोटा अगदीच होत नव्हता असे नाही, पण तो इतका पातळ पसरलेला होता की कोणाच्या नजरेत भरत नव्हता. जिथे उष्णता धन्याच्या खात्यात पडली तिथे पांढरा रंग आपोआप लागला. जिथे ती मजुराच्या खात्यात पडली तिथे कायद्यात लिहूनही लागला नाही.

दुसरा आक्षेप कारागिरीचा आहे आणि त्यात तथ्य आहे. चुना टिकत नाही. कळीचा चुना पाण्यात विरवून, गाळून, त्यात डिंक किंवा खळ घालून केलेली सफेदी कौलावर आणि कोब्यावर धरते. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ती पुन्हा चुनखडीसारखी घट्ट होते. पण नव्या जस्ताच्या गुळगुळीत पत्र्यावर ती पापुद्र्यांनी सुटते आणि मुंबईच्या पावसात उरलेली धुऊन जाते. त्यातून गिरणगावात शेकडो धुरांड्यांची काजळी. आज पांढरे केलेले छप्पर महिनाभरात राखी व्हायचे. हे सगळे खरे आहे, पण यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. चुना पावसात जातो, हा उन्हाळ्यासाठी लावलेल्या चुन्याचा दोष ठरत नाही. फाल्गुनात लावलेला थर चैत्र, वैशाख आणि ज्येष्ठाचा पूर्वार्ध काढतो, आणि नेमके तेवढेच महिने निभवायचे असतात. पावसाने धुतलेले छप्पर पुढच्या वर्षी पुन्हा पांढरे करायचे. माळवदाची माती दरवर्षी नवी करायची असते हे ज्या मुलखाला पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते, त्याला दरवर्षीची सफेदी अवघड वाटायचे कारण नव्हते. काजळीचे म्हणाल तर १९१५पासून खोपोलीची जलविद्युत गिरण्यांना मिळू लागली आणि कोळशाचा धूर टप्प्याटप्प्याने घटत गेला. अडचण टिकाऊपणाची असती तर धूर कमी होताच छपरे पांढरी व्हायला हवी होती.

त्याच १९४८च्या अधिनियमातली दोन कलमे शेजारी ठेवली की अडचण कुठे होती ते दिसते. कलम ११ स्वच्छतेचे आहे. कारखान्याच्या आतल्या भिंती आणि छताची खालची बाजू यांना सफेदी दिलेली असेल तर ती दर चौदा महिन्यांतून एकदा तरी नव्याने द्यावी, असे ते सांगते. ते बंधन होते. तारीख टाकून नोंद ठेवावी लागे, निरीक्षक ती तपासत असे. कलम १३ उष्णतेचे आहे. तिथे छपराच्या बाहेरच्या सफेदीचा उल्लेख येतो तो, शासनाला तशी गरज वाटली तर ते असे उपाय विहित करू शकेल, या भाषेत. एकच बादली, एकच कुंचला, तोच मजूर; भिंतीच्या आतल्या बाजूला त्याने जावे हा नियम आणि शिडी लावून छपरावर चढावे ही मुभा. पुढे १९८७च्या दुरुस्तीने ते पोटकलमच बदलले. उपायांची यादी गळाली आणि मुख्य निरीक्षकाला योग्य वाटतील ते उपाय लेखी आदेशाने सांगण्याचा अधिकार तिच्या जागी आला. अधिकार कागदावर वाढला, पण सफेदी हा साधा, सर्वांना कळणारा शब्द कायद्यातून गेला. कारखान्याच्या दारात उभे राहून ‘कायद्यात लिहिले आहे, छप्पर पांढरे करा’ असे म्हणण्याची कामगाराची सोय त्याच्याबरोबर गेली.

याच काळात छपरांचे क्षेत्र कित्येक पटींनी वाढत होते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून भोसरी, वाळूज, बुटीबोरीपर्यंत वसाहती पसरल्या. आरंभीच्या शेडवर ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पन्हळी पत्रे आले. ते गंजत नाहीत, पण शेवाळ आणि धूळ धरून काळे पडतात. पुढे जस्त-ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेले लांबच लांब पत्रे आणि तयार सांगाड्यांच्या इमारती आल्या. भिवंडीची गोदामे आज याच पत्र्याखाली आहेत. मालेगाव, इचलकरंजी आणि भिवंडीतल्या यंत्रमागांचा मोठा भाग तर याहून साध्या पत्र्याच्या खोल्यांत चालतो, आणि तिथे कायदाच पोचत नाही. विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले तर ती १९४८च्या अधिनियमाने कारखाना ठरे. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या कामगार संहितेने ती संख्या वीसवर नेली. गिरण्या बंद पडल्या आणि साचे या लहान शेडमध्ये गेले, तेव्हा छप्पर अधिक खाली आले आणि त्याच्या वरची कायद्याची सावली अधिक विरळ झाली.

तिसरा आक्षेप तांत्रिक आहे. कारखान्यात उष्णता भट्टीतून, मोटारींतून, यंत्रांतून येते. छपराने काय होणार? शिवाय मुंबईचा त्रास दमटपणाचा, रंगाने तो कसा जाणार? ओतकाम किंवा काचेच्या भट्टीपुरते पहिले म्हणणे बरोबर आहे. तिथे छप्पर दुय्यम आहे. पण कापड, शिवणकाम, जुळणी, बांधणी आणि गोदाम यांच्या शेडचे गणित वेगळे पडते. शंभर मीटर लांब, पन्नास मीटर रुंद आणि सहा मीटर उंच शेड घ्या. तिच्या चारी भिंती मिळून १,८०० चौरस मीटर भरतात, छप्पर एकटे ५,००० चौरस मीटर. भर दुपारी दर चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॉट ऊन पडते, म्हणजे त्या छपरावर पाच हजार किलोवॉट. जुना पत्रा त्यातला पाव हिस्सा परत फेकत असेल तर पावणेचार हजार किलोवॉट तो शोषतो. पांढरा थर तीन-चतुर्थांश परत फेकतो आणि सव्वा हजारच शोषतो. शोषलेल्यातला बराच भाग वाऱ्याने बाहेरच निघून जातो, तरी आत उतरणारा वाटा त्याच प्रमाणात घटतो. पांढरा रंग धातूपेक्षा कितीतरी सहज उष्णता आभाळाकडे सोडतो, हा त्याचा दुसरा फायदा. दमटपणा त्याने जात नाही, हे कबूल. म्हणूनच वरची धग काढणे अधिक गरजेचे ठरते: जिथे घाम वाळत नाही तिथे शरीरावर पडणारी प्रत्येक जादा उष्णता अंगातच साठते. रंग हा पंख्याची, वायुवीजनाची किंवा विसाव्याची जागा घेत नाही. ती सगळी साधने ज्या उष्णतेशी झगडतात ती उष्णताच तो कमी करतो.

चौथा आक्षेप पैशाचा. इथे जुन्या हिशेबात बदल होऊ लागला आहे. हैदराबादेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिथली माहिती-तंत्रज्ञान संस्था यांनी वातानुकूलित इमारतींवर केलेल्या मोजमापात, काळे छप्पर पांढरे केल्यावर थंडाव्यासाठी लागणारी वीज १४ ते २६ टक्क्यांनी घटलेली आढळली. २००७च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने कमी उताराच्या छपरांसाठी किमान परावर्तनाची अट घातली. तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचे स्वतंत्र धोरण जाहीर करून पाच वर्षांत ३०० चौरस किलोमीटरचे लक्ष्य ठेवले. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण ऊर्जा संहितेचा रोख मुख्यतः व्यावसायिक इमारतींवर आहे आणि बचतीची भाषा विजेची आहे. ज्या शेडमध्ये वातानुकूलन नाही तिथे वाचवायला वीजच नाही, आणि तापणारा माणूस पुन्हा हिशेबाबाहेर राहतो. त्याला हिशेबात घेणारे कामही झाले आहे. भारतीय कारखान्यांच्या आकडेवारीवरून ई. सोमनाथन आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली दाखवून दिले की वर्षाचे तापमान एका अंशाने वाढले तर कारखान्याचे उत्पादन सुमारे दोन टक्क्यांनी घटते आणि त्यामागे कामगाराची मंदावलेली गती व वाढलेली गैरहजेरी आहे. जो तोटा शंभर वर्षे वहीत दिसत नव्हता तो आता आकड्यात दिसतो आहे. तरीही केवळ या आकड्यावर विसंबणे मला पुरेसे वाटत नाही. उद्या एखाद्या धंद्यात हिशेब उलटा निघाला, रंगापेक्षा बदली माणूस स्वस्त पडला, तर काय? माणसाने ६० अंशांच्या पत्र्याखाली आठ तास उभे राहू नये, हे नफ्यावर अवलंबून असता कामा नये.

उष्णतारोधक थर अधिक चांगला, सौर पॅनेल सावलीही देतात आणि वीजही, असे म्हणणाऱ्यांशी वाद नाही. ज्यांना ते परवडते त्यांनी जरूर करावे. हिवाळ्यात नागपुरी शेड थोडी गार राहील, हेही खरे. पण तिथल्या थंडीच्या सकाळपेक्षा मेची दुपार कितीतरी जास्त माणसे आजारी पाडते. प्रश्न सर्वोत्तम उपायाचा नाही, सर्वांत स्वस्त उपायालाही इतकी वर्षे बगल का दिली गेली याचा आहे. नव्या कामगार संहितेखाली तापमान आणि वायुवीजनाची मानके ठरत असताना केंद्राने आणि राज्याने १९४८ची ती यादी पुन्हा उघडावी, ‘वाटल्यास’ हा शब्द काढावा आणि आतल्या भिंतीला जसे चौदा महिन्यांचे बंधन होते तसे छपराला दर उन्हाळ्यापूर्वीचे बंधन घालावे. दहा माणसांच्या यंत्रमागाच्या शेडलाही ते लागू असावे. कामगार संघटनांनी बोनसाच्या आणि वेतनाच्या मागणीपत्रात छपराची एक ओळ घालावी. लोखंडे यांनी दुपारचा अर्धा तास मागितला होता. तो मिळाला, पण त्या अर्ध्या तासानंतर कामगार ज्या छपराखाली परत जातो, ते अजून पांढरे झालेले नाही.